आडबाजूच्या दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाची वेळ स्वतः कशी काढायची

दिवाळी झाल्यावर औसा तालुक्यातले एक काका घरी आले. मुलगा अरुणाचल प्रदेशात पासीघाटला नोकरीला लागलेला. काकांचा प्रश्न सरळ होता: "सर, लातूरला विमानतळ आहे, पासीघाटलाबी आहे म्हणतात. मग मधात अंतर किती, अन् पोरगं किती घंट्यात घरी येतं?" त्यांनी मोबाईलवर शोधून पाहिलं होतं. एका ठिकाणी बावीसशे किलोमीटर आलं, दुसरीकडे रस्त्याचं भलतंच मोठं अंतर आलं, आणि तिकिटाच्या अ‍ॅपवर लातूरचं नाव टाकल्यावर काहीच आलं नाही.

मी भूगोल शिकवतो. त्या दुपारी वही घेऊन आम्ही दोघांनी हे गणित पहिल्यापासून केलं, तेच इथं मांडतो. मुंबई-दिल्लीसाठी असल्या खटाटोपाची गरज नाही, तिकिटावरच सगळं छापलेलं असतं. लातूर, नांदेड, लेह, पासीघाट अशा ठिकाणांमध्ये मात्र एकमेकांना जोडणारं थेट विमान नसतं, म्हणून तयार उत्तरही नसतं. तिथं चार आकडे वेगवेगळे धरावे लागतात: सरळ हवाई अंतर, विमान खरंच उडतं ते अंतर, उड्डाणाची वेळ, आणि घरापासून घरापर्यंतची वेळ. लोकांची फसगत होते ती पहिला आकडा चौथ्याच्या जागी धरल्यामुळे.

आधी विमानतळ नक्की करा

प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरांचा कोड असतो, तोच तिकिटावर छापतात. लातूरचा एलटीयू, नांदेडचा एनडीसी, छत्रपती संभाजीनगरचा आयएक्सयू, लेहचा आयएक्सएल, पासीघाटचा आयएक्सटी. शेवटचे तीन पुन्हा वाचा. एकाच अक्षराचा फरक आहे, आणि त्या एका अक्षरात माणूस संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाऐवजी लडाखला पोचतो.

खात्रीसाठी वैमानिकांचा चार अक्षरी कोड बघावा. भारतात व्हीए म्हणजे पश्चिम, व्हीआय उत्तर, व्हीई पूर्व आणि व्हीओ दक्षिण. लातूर व्हीएएलटी, लेह व्हीआयएलएच, पासीघाट व्हीईपीजी. पहिली दोन अक्षरं पाहिली की आपण देशाच्या बरोबर कोपऱ्यात आहोत की नाही ते कळतं.

अक्षांश-रेखांश घ्या, आणि इथं घाई करू नका

मोबाईलच्या नकाशावर धावपट्टीच्या मधोमध बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. शहराच्या नावावर बोट ठेवू नका, धावपट्टीवरच ठेवा. लातूरचा विमानतळ गावात नाही, बाहेर आहे.

अधिकृत कागदांत हेच आकडे अंश, मिनिटं, सेकंद असे दिलेले असतात. लातूर विमानतळ १८ अंश २४ मिनिटं ४२ सेकंद उत्तर, ७६ अंश २७ मिनिटं ५३ सेकंद पूर्व. याचं दशांशात रूपांतर करताना मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागायचं. २४ भागिले ६० म्हणजे ०.४०, ४२ भागिले ३६०० म्हणजे साधारण ०.०१. म्हणजे अक्षांश १८.४१. तसाच रेखांश ७६.४६.

काकांबरोबर बसलो तेव्हा पहिल्या फेरीत मी घाईघाईत १८.२४ लिहून बसलो. चोवीस मिनिटं, म्हणून पॉइंट चोवीस. फरक ०.१७ अंशाचा, म्हणजे तब्बल १९ किलोमीटर. नकाशावर तो ठिपका लावून पाहिला तर विमानतळ दक्षिणेला सरकून थेट औशाजवळ जाऊन बसला होता. काकांनीच ओळखलं, "हे तर आमच्याकडंचं झालं की!" तेव्हापासून माझा नियम आहे: आकडे लिहिले की ते परत नकाशात टाकायचे आणि धावपट्टी दिसते का ते डोळ्यांनी बघायचं. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तरी यातच सापडते. लातूरचे आकडे उलटे टाकले तर ठिपका उत्तर ध्रुवाकडे, स्वालबार्ड बेटांजवळच्या समुद्रात पडतो.

सर्वांत सोपं उदाहरण: नांदेड ते लेह

सूत्राकडे वळण्याआधी हे एक करून बघा, कारण सगळं मर्म यात आहे. नांदेड १९.१८ उत्तर, ७७.३२ पूर्व. लेह ३४.१४ उत्तर, ७७.५५ पूर्व. रेखांश जवळजवळ एकच! म्हणजे लेह नांदेडच्या नाकासमोर उत्तरेला आहे.

अक्षांशातला फरक १४.९६ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, कारण एका मिनिटाचं अंतर म्हणजे एक सागरी मैल, हीच त्या मैलाची मूळ कल्पना. विमानं आणि जहाजं आजही याच मापात बोलतात ती उगाच नाही. १४.९६ गुणिले ६० बरोबर साधारण ८९८ सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणून १,६६३ किलोमीटर. सागरी मैल नको असेल तर अंशाला सरळ १११.२ ने गुणा, तेच उत्तर येतं.

रेखांशातला ०.२३ अंशाचा फरक जमिनीवर २३ किलोमीटर भरतो, पण तो आडवा असल्यामुळे एकूण अंतरात अर्ध्या किलोमीटरचीही भर पडत नाही. पायथागोरस मांडून स्वतः पाहा.

आणखी एक गंमत याच उदाहरणात आहे. दिल्लीचा विमानतळ २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. म्हणजे तोही त्याच रेषेवर. नांदेड-दिल्ली १,०४४, दिल्ली-लेह ६१९, बेरीज १,६६३. दिल्लीत विमान बदललं तरी हवाई अंतर वाढत नाही. असं भाग्य फार थोड्या जोड्यांच्या वाट्याला येतं.

तिरकं अंतर: लातूर ते पासीघाट

पासीघाट २८.०७ उत्तर, ९५.३४ पूर्व. इथं दोन्ही फरक मोठे आहेत: अक्षांशाचा ९.६६, रेखांशाचा १८.८८.

रेखांशाच्या अंशाची लांबी सगळीकडे सारखी नसते. विषुववृत्तावर ती १११ किलोमीटर, ध्रुवावर शून्य. म्हणून तिला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं. दोन्ही अक्षांशांची सरासरी २३.२४, तिचा कोसाइन ०.९१९.

उत्तर-दक्षिण अंतर: ९.६६ × १११.२ = १,०७४ किलोमीटर.
पूर्व-पश्चिम अंतर: १८.८८ × १११.२ × ०.९१९ = १,९२९ किलोमीटर.
दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ: २,२०८ किलोमीटर.

हे झालं पृथ्वी सपाट धरून. गोल धरायची तर दोन ठिकाणांमधला, पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन काढावा लागतो. सूत्र असं:

कोसाइन (कोन) = साइन (पहिला अक्षांश) × साइन (दुसरा अक्षांश) + कोसाइन (पहिला अक्षांश) × कोसाइन (दुसरा अक्षांश) × कोसाइन (रेखांशातला फरक)

कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे ना ते आधी बघा. आकडे घातले: ०.३१५८ × ०.४७०६ आणि ०.९४८८ × ०.८८२४ × ०.९४६२. बेरीज ०.९४०८. उलटा कोसाइन घेतला की कोन १९.८२ अंश. त्याला १११.२ ने गुणलं की साधारण २,२०४ किलोमीटर, म्हणजे १,१८९ सागरी मैल.

दोन उत्तरांत फरक फक्त चार किलोमीटरचा! म्हणून देशातल्या देशात साधी पायथागोरसची रीत खुशाल वापरा. उलट अगदी जवळच्या अंतराला कोसाइनचं सूत्र टाळलेलंच बरं. तिथं उत्तर ०.९९९ च्या पुढं जातं आणि दशांशाची दोन-तीन स्थळं गळाली तरी अंतर बिघडतं. एक्सेलमध्ये करणार असाल तर तिथली साइन-कोसाइन अंश घेत नाहीत, रेडियन घेतात, म्हणून आधी अंशांचं रेडियनमध्ये रूपांतर करायला विसरू नका.

परदेशातल्या लांबच्या विमानतळासाठी मात्र गोलाचंच सूत्र लागतं. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि शिवणाचा दोरा. दोऱ्याचं एक टोक मराठवाड्यावर, दुसरं कॅनडातल्या व्हँकुव्हरवर, आणि दोरा ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशात सरळ वाटणारी वाट सोडून दोरा आपसूक वर सरकतो आणि सायबेरियावरून, आर्क्टिक महासागरावरून जातो. गोलावरची सर्वांत जवळची वाट हीच, तिला बृहद्वृत्त म्हणतात. वर्गात हा दोरा एकदा ताणून दाखवला की मुलं पुन्हा विसरत नाहीत.

उत्तर आलं की ते पटतं का ते बघा. भारताची पूर्व-पश्चिम लांबी २,९३३ किलोमीटर आणि उत्तर-दक्षिण ३,२१४, हे आपण शाळेत पाठ केलंय. देशातल्या दोन ठिकाणांचं अंतर याहून मोठं आलं तर चूक शोधायला लागा. लातूर-पासीघाट रेषेचा मध्य रांचीजवळ येतो, तोही नकाशावर ताडून पाहा.

विमान या रेषेवरून उडत नाही

ही रेषा रांचीनंतर उत्तर बांगलादेशावरून जाते. दुसऱ्या देशाच्या आकाशातून जायला परवानगी लागते. शिवाय आकाशातही ठरलेले मार्ग असतात, लष्करी क्षेत्रं टाळावी लागतात, वादळी ढगांना वळसा घालावा लागतो, आणि निघताना-उतरताना धावपट्टीच्या दिशेसाठी फेरा पडतो. म्हणून सरळ अंतरात लांब उड्डाणासाठी ५ ते ८ टक्के, आखूड उड्डाणासाठी १० टक्के मी वाढवतो. आखूड उड्डाणात टक्के जास्त, कारण विमानतळाभोवतीचा फेरा तेवढाच पडतो, मग पुढचं अंतर कितीही असो.

वेळ काढताना विमान कोणतं ते आधी विचारा

एअरबस किंवा बोइंगसारखं जेट वर गेल्यावर ताशी ८०० ते ८५० किलोमीटर जातं. छोट्या गावांना जोडणारं पंख्याचं एटीआर ताशी ५०० च्या आसपास. तिकिटाच्या पानावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचायची सवय लावा.

माझी रीत अशी: वाढवलेलं अंतर भागिले वेग, अधिक ठरावीक मिनिटं. जेटसाठी ८०० ने भागून ३० मिनिटं, एटीआरसाठी ५०० ने भागून २५ मिनिटं. ही जादाची मिनिटं धावपट्टीपर्यंत सरकणं, वर चढणं, खाली येणं आणि जागेवर लागणं यांची. तिकिटावर छापलेली वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते, नुसती हवेतली नसते.

मुंबई-दिल्लीवर तपासा. सरळ अंतर १,१३८, सात टक्के वाढवून सुमारे १,२२०. भागिले ८०० म्हणजे दीड तास आणि दोन मिनिटं, अधिक ३०, म्हणजे दोन तास दोन मिनिटं. तिकिटावर दोन तास दहा-पंधरा मिनिटं दिसतात, कारण दोन्ही विमानतळांवर गर्दी असते आणि कंपन्या थोडी सैल वेळ छापतात. दिल्ली-लेहला याच रीतीनं एक तास वीस मिनिटं येतात.

नांदेड-हैदराबाद सरळ अंतर २४५ किलोमीटर. छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या उडान योजनेच्या पहिल्याच दिवशी, २७ एप्रिल २०१७ ला, शिमला-दिल्लीबरोबर याही मार्गाला हिरवा झेंडा दाखवला होता. एटीआरनं हिशेब: २७० भागिले ५०० म्हणजे ३२ मिनिटं, अधिक २५, म्हणजे सत्तावन्न मिनिटं. जेवढा वेळ अंतर कापायला, जवळजवळ तेवढाच चढ-उतारीला. याहून टोकाचं उदाहरण दिब्रुगड-पासीघाट. सरळ अंतर जेमतेम ७३ किलोमीटर. एप्रिल २०२२ मध्ये तिथं भारतात बनवलेल्या सतरा आसनी डॉर्निअर २२८ ची सेवा सुरू झाली. एवढ्या अंतरात अंतराचा हिशेब गौणच, ठरावीक मिनिटांचाच जास्त.

वारा

काकांना सर्वांत नवल याचं वाटलं. हिवाळ्यात उत्तर भारतावरून, जेट उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला तो मागून ढकलतो, परतणाऱ्याला अडवतो.

हैदराबाद-गुवाहाटी घ्या. सरळ १,६८०, वाढवून १,७८१ किलोमीटर. वारा नसेल तर नुसती हवेतली वेळ दोन तास चौदा मिनिटं. ताशी शंभर किलोमीटरचा वारा मागून असेल तर वेग ९००, वेळ एक तास एकोणसाठ. तोच समोरून असेल तर वेग ७००, वेळ दोन तास तेहतीस. जाण्या-येण्यात चौतीस मिनिटांचा फरक. जाताना वाचलं ते येताना गेलं, हिशेब बरोबर झाला असं वाटेल, पण तसं होत नाही. दोन्ही वेळांची बेरीज बिनवाऱ्याच्या बेरजेपेक्षा चार मिनिटांनी जास्तच भरते, कारण अडवणाऱ्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं.

उंची आणि उजेड

लेहचा विमानतळ १०,६८२ फुटांवर आहे. तिथली हवा विरळ, म्हणून पंखांना आणि इंजिनांना कमी आधार. दुपारी हवा तापली की ती आणखी विरळ होते आणि डोंगरातला वाराही उठतो. त्यामुळे लेहची प्रवासी विमानं बहुतेक सकाळीच असतात. याचा आपल्यासाठी अर्थ असा की नांदेडहून त्याच दिवशी दुपारी लेहला पोचायचं मनात आणू नका. दिल्लीत रात्र काढावी लागते, आणि ती रात्र प्रवासाच्या वेळेत धरा.

पासीघाटला प्रश्न उजेडाचा. घड्याळ देशभर एक, पण सूर्य एक नाही. रेखांशाच्या प्रत्येक अंशाला चार मिनिटं. १८.८८ गुणिले ४ म्हणजे पंचाहत्तर मिनिटं. तिकडे सूर्य लातूरपेक्षा सरासरी सव्वा तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. डिसेंबरात अक्षांशाचाही फरक पडून लातूरला पावणेसहाच्या सुमारास मावळणारा सूर्य पासीघाटला सव्वाचारलाच बुडतो. छोट्या विमानतळांवर रात्री उतरायची सोय आहे का ते विचारून घ्यावं, नसेल तर दुपारची जोडविमानं धरून उपयोग नाही.

शेजारच्या देशात जाणार असाल तर घड्याळ बदलतं. नेपाळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं, भूतान अर्धा तास. तिकिटावर दोन्ही वेळा तिथल्या-तिथल्या स्थानिक असतात. वजाबाकी करण्याआधी एकीचं रूपांतर दुसरीत करा, नाहीतर उड्डाणाची वेळ चुकीची येते.

काकांचा कागद

आता मूळ प्रश्न. लातूरहून पासीघाटला थेट जेट असतं तर जवळजवळ साडेतीन तास लागले असते. प्रत्यक्षात मी हैदराबाद आणि गुवाहाटी धरून वाट मांडली. तुम्ही करताना त्या आठवड्याचं वेळापत्रक बघूनच मांडा, छोट्या मार्गांच्या सेवा बंद-चालू होत राहतात. मुलगा येणार म्हणून हिशेब येतानाचा, म्हणजे समोरच्या वाऱ्याचा.

पासीघाटला विमानाआधी दीड तास हजर. पासीघाट-गुवाहाटी सरळ ४३० किलोमीटर, एटीआरनं एक तास वीस मिनिटं. गुवाहाटीत तीन तास राखून ठेवले. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही आणि सामानही बाहेर काढून पुन्हा द्यावं लागतं. शक्यतो एकाच पीएनआरवर दोन्ही उड्डाणं घ्यावीत. गुवाहाटी-हैदराबाद तीन तास पाच मिनिटं. हैदराबादला सामान मिळून बाहेर यायला चाळीस मिनिटं. तिथून लातूर रस्त्यानं साधारण तीनशे किलोमीटर, चहा-जेवणासकट साडेसहा तास.

बेरीज सोळा तास पाच मिनिटं. यातले हवेतले तास साडेचारही नाहीत.

काकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. मी त्यावर खाली एक ओळ वाढवली होती: सकाळी अकराचं विमान असेल तर मुलगा रात्री दीडला लातूरला उतरेल, पुढं औशाला नेण्यासाठी गाडीवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.